फातीदिको काका

काका बसत नसत. मीटिंगमध्ये भिंतीला पाठ टेकवून उभे, जेवताना ओट्याशी उभे, सकाळच्या ट्रेनमध्ये चार सीट रिकाम्या असल्या तरी दाराशी उभे. कुणी ‘बसा ना काका’ म्हटलं की ‘बसलो की झोपतो बाप्पा, आणि झोपलो की कामातून गेलो’ हे उत्तर ठरलेलं. बरं, उभे तरी स्वस्थ राहतील? तेही नाही. फोनवर बोलताना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा, आणि पलीकडच्यानं होल्डवर ठेवलं तरी येरझारा चालूच. मलाही कधी एका जागी बूड टेकवून बसता आलेलं नाही. म्हणूनच असेल, त्यांच्याकडे बघताना मला माझाच राग यायचा.

‘काका’ हे नाव आम्ही ऑफिसातल्या पोरांनी दिलेलं. ते पन्नाशीचे, आम्ही तिशीच्या आतबाहेर. मूळचे अमरावतीचे, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ एका म्हाताऱ्या इटालियन बाईच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. दिवसा आमच्याबरोबर मॅनहॅटनमधल्या एका विमा कंपनीचे जुनेपुराणे प्रोग्राम सांभाळायचे आणि संध्याकाळी पत्रिका करायचे.

हसू नका. आम्हीही आधी हसलो होतो. पण बायकोला सातवा महिना लागला की प्रत्येक जण गुपचूप त्यांच्या टेबलाशी जाऊन यायचा. पत्रिकेचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि तो एका मरायला टेकलेल्या लॅपटॉपवर चाले. अमेरिकेतल्या जन्मवेळेवर पत्रिका करताना भारतातले गुरुजी घोळ घालतात, कुणी वेळ भारतातलीच धरतो, कुणी उन्हाळ्यातला पुढे केलेला तास वजा करायला विसरतो, म्हणून काकांनी हे काम अंगावर घेतलेलं. पैसे घेत नसत. त्यांचे नियम मात्र कडक होते. फोनवर पत्रिका सांगायची नाही. ऐकणारा जेवून आलेला पाहिजे. सांगण्याआधी ते स्वतः बेसिनशी जाऊन खळखळून चूळ भरत. आणि शेवटचा नियम असा, की सगळं सांगून झालं की समोरच्यानं ते परत म्हणून दाखवायचं.

“काय ऐकलंस, ते म्हण.”

“मंगळ आहे.”

“हे पाहा! मी म्हटलं, मंगळ आहे पण सौम्य आहे, आणि काळजीचं कारण नाही. तू एकच शब्द उचलला. पुन्हा म्हण.”

शाळेतल्या पाढ्यांसारखं तीन-तीनदा म्हणावं लागे. कंटाळा यायचा. एकदा आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, “काका यार, पत्रिका सांगताय की टेस्टिंग करताय?” काका येरझारा न थांबवता म्हणाले, “टेस्टिंगच. बोलणं सोपं असते बाप्पा. पोचलं काय, ते पाहावं लागते.”

आता तो शब्द. तो सांगितल्याशिवाय काका सांगून होत नाहीत.

एकदा एका जोडप्याला काका पत्रिका सांगत होते आणि घरमालकीण जिन्यात उभी राहून ऐकत होती. मराठी तिला कळणार कुठून? पण येरझारा, चूळ आणि समोर हात जोडून बसलेलं जोडपं पाहून इथे भविष्य सांगणं चाललंय हे तिनं ताडलं. ती मान हलवत म्हणाली, “फातीदिको!” आणि खाली निघून गेली.

झालं. काकांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी लायब्ररी, मग जाडजूड कोश, मग चौकोनी पुठ्ठ्याच्या कार्डांवर नोंदी. पुढचे दोन महिने आमच्या जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही.

“ऐक. जुन्या लॅटिनमधून आला. फातुम् आणि दिको. दिको म्हणजे सांगणारा. आणि फातुम् म्हणजे?”

“नशीब.”

“ते नंतर. मुळात फातुम् म्हणजे बोललेलं! कुणीतरी बोलून गेलं, ते फातुम्. देव बोलला, ते टळत नाही, म्हणून मग त्याचं झालं नशीब. आपल्याकडे सटवाई कपाळावर लिहून जाते. यांच्याकडे कुणी लिहीत नाही, बोलते. फरक समजला काय? लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही, म्हणून आपण सुखी. बोललेलं ऐकू येते!”

मग अर्थांची उतरंड. आधी फातीदिको म्हणजे भविष्य बोलणारा. माणूसच असं नाही, झाडही. वाऱ्यानं ओकच्या झाडाची पानं सळसळली की त्यातून म्हणे भाकीत ऐकू यायचं, ते झाड फातीदिको. पुढे बोलणारा गळाला आणि ज्या दिवशी कुणाचं नशीब ठरतं तो दिवस फातीदिको झाला. मग आणखी घसरण. लग्नात नवरानवरी भटजीपुढे, म्हणजे त्यांच्या पाद्र्यापुढे, ‘हो’ म्हणतात, तो ‘हो’ फातीदिको. आणि आता तर थट्टेतही वापरतात. लग्न कधी करतोस, हा नातेवाइकांचा प्रश्न फातीदिको. बॉस मधेच येऊन ‘रिलीज कधी?’ विचारतो तो प्रश्न फातीदिको.

“देवापासून निघालेला शब्द आमच्या मॅनेजरपाशी येऊन पडला,” काका म्हणत. “पण ती म्हातारी मला यातलं नेमकं काय म्हणाली?”

हा त्यांचा खरा किडा. तिनं मान दिला की चेष्टा केली? तिला विचारलं की ती खांदे उडवायची आणि सांगायची, “यू आर द वन हू नोज द फ्यूचर. यू टेल मी.” काका जिना चढून वर येत आणि पुन्हा येरझारा घालू लागत.

आमच्या टीमनं मात्र त्यांचं नाव पक्कं केलं. काकांचे फातीदिको काका झाले.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो, ते. सारखा उठतोय मधून, तरी लिहितो.

२००७ मध्ये अमेरिकेत घड्याळांचा नियम बदलला. उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात, ती एप्रिलच्या सुरुवातीला करायची सोडून मार्चमध्येच करायची असं ठरलं. आमच्या विमा कंपनीच्या शेकडो प्रोग्राममध्ये जुना नियम घातलेला होता. तो शोधून बदलायचं काम सहा महिने चाललं आणि त्याचे प्रमुख होते काका. एकही प्रोग्राम सुटू दिला नाही त्यांनी. मार्चमध्ये घड्याळं पुढे झाली, सगळं सुरळीत चाललं, मॅनेजरनं केक आणला. काकांनी तो उभ्यानं खाल्ला.

लगेच मला कंपनीनं टेक्ससला, अर्विंगला, तीन आठवड्यांसाठी पाठवलं. अनघाला, माझ्या बायकोला, एप्रिलच्या मध्याची तारीख दिली होती. सासूबाई नाशिकहून येऊन राहिल्या होत्या. वेळ आहे असं सगळेच म्हणत होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, मुलगी झाली, सात चाळीसला, दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान मिळालं. विमानतळावर माझ्यानं बसवेना. नागपूरहून आईचे फोनवर फोन. “वेळ सांगितली का रे त्यांना? नक्षत्र कोणतं?” वेळ मी रात्रीच काकांना कळवली होती, आता त्यांना फोन लावला. त्यांनी नेहमीसारखं टाळलं. “तू ये, जेव, मग सांगतो.” मी ऐकेना. आई थांबणार नाही म्हटलं, हातापाया पडलो. शेवटी ते म्हणाले, “आश्लेषा निघालं. पण ऐक...”

मी ऐकलं नाही. विमानाची घोषणा झाली म्हणून, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे ‘आश्लेषा’ ऐकल्यावर पुढचं काही ऐकूच आलं नाही. मी फोन ठेवला आणि आईला लावला.

आईबद्दल सांगायला हवं. मी मूळ नक्षत्रावरचा, तेही आश्लेषासारखंच अशुभ मानलेलं. असल्या नक्षत्रावरच्या पोराचं तोंड बापानं पाहायचं नाही, नक्षत्र फिरून आलं की शांत करायची, तुपात पोराचं प्रतिबिंब आधी पाहायचं आणि मग पोर, असं आमच्याकडे. माझ्या वडिलांनी तेच केलं. आणि मी चार महिन्यांचा असताना ते गेले. पोरानं बापाला खाल्लं, हे मी घरात, लग्नाकार्यात, पंगतीत कुजबुजीत ऐकत मोठा झालो. आईनं मला एकटीनं वाढवलं, पण ते वाक्य तिनंही कधी खोडलं नाही. त्या दिवशी फोनवर ती रडत म्हणाली, “बापू, तिचं तोंड पाहू नको रे. तुझ्या बाबांनी सत्तावीस दिवस पाहिलं नव्हतं, म्हणून चार महिने तरी मिळाले. मला आता कोण आहे दुसरं?”

आईचं ते रडणं कानात घेऊन मी विमानात बसलो. नेवार्कला उतरून अनघाला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तू ठरव.”

मी ठरवलं. बॅग घेऊन काकांच्या घरी गेलो.

माझं घर तिथून दहा मिनिटांवर. एक बेडरूमचं अपार्टमेंट. रोज ऑफिसातून सुटलो की मी दूध, भाजी, डायपरची खोकी घेऊन जायचो आणि किचनमध्ये उभा राहायचो. बेडरूमचं दार लावलेलं. आतून अनघा दोन शब्द बोलायची, ती थकलेली आहे एवढंच कळायचं. सासूबाई माझ्याकडे न बघता चहा द्यायच्या. आणि आत मुलगी रडायची. चौथ्या दिवसापर्यंत मला तिचं भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं वेगवेगळं ओळखू येऊ लागलं. चेहरा नाही, नुसता आवाज. एकदा दार किंचित उघडं राहिलं आणि पाळण्याबाहेर आलेली इवलीशी मूठ दिसली. मी चोरासारखी मान फिरवली. त्या मान फिरवण्याची लाज मला आजही वाटते.

काकांचे हाल माझ्यापेक्षा वाईट. मला पाहिलं की ते एकदम सुरू व्हायचे.

“मी म्हणत होतो, पहिला चरण आहे. दोष किरकोळ. बारशाच्या दिवशी साधी शांत केली तरी चालते. तू फोन ठेवून दिला!”

“मग आईला सांगा तुम्ही.”

“सांगितलं. तीनदा फोन केला. माउली म्हणते, आश्लेषा आहे ना? मी म्हणतो, हो, पण. तिला ‘पण’ ऐकूच येत नाही.” मग खिडकीपर्यंत जाऊन परत. “तरी मी फोनवर बोललो काहून? कधी बोलत नाही. कधी म्हणजे कधी नाही!”

एवढ्याशा खोलीत आम्ही दोघं येरझारा घालायचो, एकमेकांची वाट अडवत. खालून म्हातारी काठीनं छत ठोकायची.

अकराव्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. सकाळी म्हातारी नवी हॅट घालून, ओठ रंगवून चर्चला गेली आणि थोड्याच वेळात दाणदाण जिना चढून आमच्या दारात आली. हातात उशाजवळचं घड्याळ. स्वतःच वेळ लावून घेणारं, मुलानं भेट दिलेलं.

“तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? बघा याला काय झालंय! गेल्या रविवारी मी तासभर आधी जाऊन बसले. मला वाटलं फादर उशिरा आले. आज ईस्टर, आणि मी बंद दारापुढे उभी, एकटी, हॅट घालून!”

काकांनी घड्याळ हातात घेतलं. उलटं करून पाहिलं. “मार्चमध्ये तुम्ही स्वतः पुढे केलं होतं काय?”

“हो. सगळ्यांनी केलं.”

“आणि गेल्या रविवारी यानं स्वतःहून पुन्हा पुढे केलं. याच्या पोटात जुना नियम आहे. याला कुणी सांगितलंच नाही, की...”

ते बोलायचे थांबले. मी पहिल्यांदा काकांना निश्चल उभं पाहिलं. घड्याळ त्यांच्या हातात तसंच होतं. मग ते म्हातारीला तिथेच सोडून लॅपटॉपकडे धावले. मीही मागे गेलो. प्रोग्राममधली ती ओळ मला आजही डोळ्यांसमोर दिसते. उन्हाळ्याची वेळ सुरू: एप्रिलचा पहिला रविवार.

अख्ख्या विमा कंपनीचे प्रोग्राम त्यांनी दुरुस्त केले होते. स्वतःचा राहिला होता.

मुलीच्या जन्मवेळेतून वजा करायचा तास वजाच झाला नव्हता. काकांनी तो केला. पुन्हा पुन्हा केला. “पुष्य,” ते म्हणाले. “पुष्य संपायला वीस मिनिटं होती. सगळ्यात शुभ नक्षत्र. अरे, पुष्य!” आणि मला काही कळायच्या आत ते ढसाढसा रडायला लागले. नामाक्षर पाहिलं, तर ‘डी’चं ‘डा’ झालं होतं. तेवढ्यातही मला हसू आलं, काय करू?

काका आम्हाला पुढच्या वर्षीपर्यंतच लाभले. २००८ च्या शेवटी धंदा बसला, आमचं प्रोजेक्ट गेलं आणि ते अमरावतीला परत गेले. त्या ईस्टरनंतर त्यांनी एकही पत्रिका केली नाही. मार्चमध्ये घड्याळं पुढे झाल्यापासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या घरी मात्र ते स्वतः जाऊन आले, चूक कबूल करून, नवा कागद देऊन. काहींनी चहा पाजला, एकानं दारातूनच वाटेला लावलं. नवीन कुणी विचारलं तर ‘सॉफ्टवेअर बिघडलं’ म्हणायचे. निघताना म्हातारीनं त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, तेव्हाही त्यांनी तिला तेच विचारलं, त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणालात? ती नेहमीसारखी खांदे उडवून हसली. कार्डं त्यांनी मला दिली. ती माझ्याकडे आहेत.

पण तो रविवार. आम्ही दोघं रस्त्यानं अक्षरशः पळत माझ्या घरी गेलो. काकांच्या पायात घरातल्या चपला. मला सरळ बेडरूममध्ये घुसायचं होतं, पण दार अनघानंच उघडलं आणि ती दारात उभी राहिली. टेक्ससला गेल्यापासून पहिल्यांदाच मी तिला नीट बघत होतो. डोळे खोल गेले होते.

काकांनी हात जोडले. “पोरी, माझी चूक झाली. एक तासाची. नक्षत्र आश्लेषा नाही, पुष्य आहे. याला काहीच पाळायची गरज नव्हती. सगळा दोष माझा.”

मी म्हटलं, “अनघा, ऐकलंस? पुष्य आहे!”

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. काकांना म्हणाली, “आणि आश्लेषाच असती तर?”

दाराशी मीच आणून ठेवलेलं डायपरचं खोकं होतं. काका त्या खोक्यावर बसले. हो, बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, खाली मान घालून.

“काका, तुम्ही चूक कबूल करायला आलात, तुमचा मला राग नाही,” अनघा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “तुमच्या त्या शब्दाबद्दल हा मला रोज सांगायचा. बोललेलं, आणि बोलणारा. त्यात ऐकणारा कुठेच नाही हो. तुम्ही काहीही बोलला असतात, तरी ऐकायचं की नाही हे याच्या हातात होतं. तुमचा नियम आहे ना, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं?”

काकांनी मान हलवली.

“मग ऐका दोघंही. नक्षत्र कुठलंही असो, बापानं पहिल्या दिवशी यायचं. म्हणा.”

काका खोक्यावर बसूनच, शाळकरी पोरासारखे, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “नक्षत्र कुठलंही असो, बापानं पहिल्या दिवशी यायचं.”

“आता तू.”

आत तिचं रडणं सुरू झालं. भुकेचं. मी ओळखलं.

“नक्षत्र कुठलंही असो,” मी म्हणालो आणि अडकलो. नागपूरच्या घरात दाराबाहेर उभा असलेला एक तरुण माणूस मला दिसला, ज्याला मी फक्त फोटोत पाहिलेलं. त्याच्या हातात चारच महिने होते आणि त्यातले सत्तावीस दिवस तो बाहेर उभा होता. आतून माझा आवाज ऐकत. त्यालाही माझं भुकेचं रडणं ओळखू येत असेल.

अनघा वाट पाहत होती. मी वाक्य पुरं केलं. तिनं दारातून बाजूला होऊन मला आत जाऊ दिलं.